ढोली

साइंदूची पाळी रात्रीची.
तांब्याच्या हंड्यात इलांगची फुलं, खाली जाळ.
फुलं आम्ही बायका पहाटे खुडतो,
मग ती वीस-वीस तास उकळत राहतात.
तोवर जाळाचा डोळा लागता कामा नये
आणि साइंदूचाही.

मी जेवण घेऊन जाते,
भाजलेला नीरफणस, थोडी सुकी मासळी.
वाटेत घळीशी थांबते.
सवय.

आमच्या अंजुआनात नवराच नांदायला येतो.
साइंदू माझ्या घरी आला त्या वर्षी
घळीतून तिघं शीळ घालायची,
लांब, एका सुरात,
अंधारात कुणी सुईत दोरा ओवतंय
आणि तो संपतच नाही, तशी.
मुठीएवढं घुबड, भिजल्या सालीच्या रंगाचं.
मी ते दोनदाच पाहिलं.
एकदा तर साल समजून हात टेकणार,
तेवढ्यात सालीनं डोळे उघडले.

आता शीळ एकच. कधी तीही नाही.
आईच्या लहानपणी घळीत नदी होती.
माझ्या वाट्याला पूल आला.
त्याच्याखालून शेळ्या जातात.

मध्ये परदेशी माणसं आली होती.
दाऊदू मास्तरांनी त्यांना डोंगर दाखवला.
त्यांच्या डबीत घुबडाचा आवाज होता.
डबी वाजली, आणि आमचं घुबड
उत्तर देत सुटलं, तासभर,
एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, जवळ जवळ येत.
आई म्हणाली, बंद करा ती डबी.
एकट्या जिवाची अशी थट्टा करू नये.
मास्तरांनी त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे,
पाहुण्यांनी मान हलवून लिहून घेतलं.

तर परवाची गोष्ट.
साइंदू लाकडं फोडत होता.
एका ओंडक्याचा आवाज वेगळा आला,
रिकाम्या घागरीवर टिचकी मारावी तसा.
आत ढोली.
ढोलीत भुसा, टोळांचे पाय,
पालीचं शेपूट वाळून काडी झालेलं,
एक पीस,
आणि कवचाची खपली. पांढरी. माझ्या नखाएवढी.
कधीचं असेल रे, मी विचारलं.
त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.
मागे जाळ कुरकुरायला लागला.
भट्टीवाला बाकारी अंगणातून ओरडला,
लाकूड सरलं का हात सरले?
साइंदू म्हणाला, हे ओलं आहे, पेटायचं नाही.

ते खडखडीत वाळलेलं होतं.
सोळा वर्षांच्या संसारात
मी ऐकलेलं त्याचं हे पहिलं खोटं.
बाकीची लाकडं त्यानं मुकाट जाळात सारली.
तीही त्याच झाडाची होती.
तेही मी पाहिलं.

पहाटे ओंडका खांद्यावरून घरी आला.
आम्ही तो काथ्यानं दारच्या फणसाला बांधला,
तोंड डोंगराकडे करून.
धाकटी म्हणाली, आत चादर घालू?
शेजारची मोइनाएशा म्हणाली,
मेलेलं झाड जित्या झाडाला बांधतं का कुणी?
आम्हाला दोघांनाही उत्तर आलं नाही.

आठवड्यानं पाल आली.
मग गांधीलमाश्या. त्यांनी बस्तानच मांडलंय.
हुसकू का, मी म्हटलं.
राहू दे, म्हणाला, कुणी तरी राहतंय.
घुबड काल ओरडलं,
पण वर, लवंगांच्याही वर,
जिथे उतार इतका उभा
की कुऱ्हाडीला पाय रोवता येत नाहीत.
अजून तरी.

साइंदूच्या अंगाला इलांगचा वास येतो.
साबणानं जात नाही, समुद्रात डुंबून जात नाही.
दूर कुठे कुणी बाई
त्यातला एक थेंब कानामागे लावत असेल.
शोभतही असेल तिला, मी नाही कशाला म्हणू?
माझ्या उशीवर तो अख्खा डोंगर असतो.
मी डाव्या कुशीवर झोपते,
म्हणजे उजवा कान
घळीकडे उघडा राहतो.